शोटोच्या माळावरची घरटी

ग्रेट फॉल्स सोडून ८९ क्रमांकाच्या हमरस्त्यानं वायव्येला निघालं, की जमीन सपाट होत जाते आणि समोरचे डोंगर उंच होत जातात. रॉकी पर्वताची ही पूर्वेकडची कड. सह्याद्रीसारखे आधी टेकड्या, मग घाट, मग कडा असे सोपस्कार इथे नाहीत. गव्हा-बार्लीची शेतं संपतात, कुरणं लागतात आणि पुढे एकदम चुनखडीची भिंत. शेतांच्या मधोमध जाळीच्या कुंपणात मधूनच काँक्रीटचा बसका चौथरा दिसतो. “खाली अणुबॉम्बवाली क्षेपणास्त्रं आहेत,” गाडी चालवता चालवता भाची म्हणाली. शीतयुद्धात पुरलेली ती मिनिटमन क्षेपणास्त्रं अजून सज्ज आहेत. शेतकरी त्यांच्या कडेकडेनं निवांत कापणी करतात.

आम्हाला मात्र त्याहून कितीतरी जुनं काहीतरी पुरलेलं पाहायचं होतं. माँटॅना राज्यातलं शोटो हे टीटन काउंटीचं मुख्य गाव. वस्ती दोन हजाराच्याही आत. त्याच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर बायनम. बायनमला गाव म्हणायचं ते नकाशाच्या भिडेखातर. चार घरं, एक दुकान, एक शाळा आणि भरपूर वारा. पण डायनोसॉर जगायचे कसे, पिल्लं कशी वाढवायचे, एकटे राहायचे की कळपानं, हे प्रश्न गांभीर्यानं विचारायला जगानं सुरुवात केली, त्यात या चार घरांचा मोठा वाटा आहे.

१९७८ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बायनममध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत मॅरियन ब्रॅन्डव्होल्ड या बाईंचं दगड आणि जीवाश्मांचं दुकान होतं. जॅक हॉर्नर आणि बॉब माकेला हे दोघे मित्र तिथे थांबले. हॉर्नर मूळचा माँटॅनाचाच. तेव्हा तो प्रिन्स्टनमध्ये जीवाश्म साफ करून जुळवण्याचं काम करायचा. पदवी नव्हती; डिस्लेक्सियामुळे कॉलेज अर्धवट राहिलेलं. माकेला याच राज्यातल्या रडयार्ड गावात शाळामास्तर. बाईंनी त्यांच्यापुढे दोन इवलीशी हाडं ठेवली. हॉर्नरनं ओळखलं, की ही बदकचोच्या डायनोसॉरच्या पिल्लाची आहेत. बाकीची हाडं घरी कॉफीच्या डब्यात ठेवली होती.

त्या डब्याचं महत्त्व कळायला आधीची परिस्थिती माहीत हवी. १९२३ मध्ये मंगोलियात डायनोसॉरची अंडी सापडली होती, मोठमोठे सांगाडे तर जगभरच्या संग्रहालयांत उभे होते. मधला दुवा जवळजवळ नव्हताच. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू कुठे असायचं, काय खायचं, कोणाबरोबर फिरायचं, याचा पुरावा हाती नव्हता. पिल्लांची हाडं नाजूक. ती कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जातात नाहीतर कुजतात, असं समजून लोक शोधायचेही नाहीत. शोधलं तरी चुकीच्या जागी. बहुतेक उत्खननं प्राचीन समुद्रकिनाऱ्याच्या सखल गाळात चालायची. बाईंचा डबा भरला होता तो किनाऱ्यापासून दूर, डोंगरपायथ्याच्या चढावरच्या मातीतून.

बाईंनी जागा दाखवली, मित्रांनी खणायला घेतलं. लाल मातीत हिरवट गाळानं भरलेला एक खळगा निघाला. भाकरी थापायची काठवट कल्पनेत दोन मीटर रुंद करा, म्हणजे त्याचा आकार समजेल. त्या खळग्यात आणि त्याच्या आसपास मिळून पंधरा पिल्लं होती, प्रत्येक जेमतेम मीटरभर लांब. सोबत अंड्यांच्या कवचांचे तुकडे. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, हॉर्नर आणि माकेला यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध मांडला आणि या प्राण्याला नाव दिलं मायासोरा पीबल्सोरम. मायासोरा म्हणजे चांगली आई असलेली पाल. दुसरा शब्द पीबल्स कुटुंबाच्या नावावरून आला, कारण जमीन त्यांची होती. अमेरिकेत खासगी जमिनीतला जीवाश्म जमीनमालकाचा असतो, तेव्हा मालकाशी गोडीनं राहणं हा तिथल्या जीवाश्मशास्त्राचा पहिला धडा.

बायनमच्या छोट्या डायनोसॉर केंद्रात ब्रॅन्डव्होल्डबाईंना सापडलेल्या पिल्लांची हाडं पाहायला मिळतात. मी पुष्कळ संग्रहालयांत डायनोसॉर पाहिलेत, मान मोडेपर्यंत वर बघून. इथे वाकून बघावं लागतं. मांडीचं हाड बोटाएवढं. प्रौढ मायासोरा सुमारे नऊ मीटर लांब, वजन दोन टनांच्या पुढे, मागचे पाय थोराड, तोंड पुढे चपटं आणि डोळ्यांच्या समोर कपाळावर एक छोटासा हाडाचा उंचवटा. अंगावर ना शिंगं, ना कवच, ना शेपटीला गदा. असा प्राणी टायरॅनोसॉरच्या कुळातल्या शिकाऱ्यांच्या मुलखात टिकायचा असेल, तर एकट्यादुकट्यानं राहून कसं चालेल?

पण कळपाकडे वळण्याआधी घरट्याचा हिशेब पुरा करतो, कारण प्रसिद्धी सगळी घरट्याला मिळाली.

हॉर्नर-माकेलांचा युक्तिवाद असा. अंड्यातून निघालेलं मायासोराचं पिल्लू सुमारे चाळीस-पन्नास सेंटिमीटर लांब असावं. घरट्यात सापडलेली पिल्लं त्याच्या दुप्पट होती. म्हणजे जन्मल्यानंतर बराच काळ ती घरट्यातच राहिली. त्यांचे दात झिजलेले होते, म्हणजे ती खात होती. पायांच्या हाडांची टोकं नीट कडक झालेली नव्हती, म्हणजे लांब जाऊन चरणं त्यांना जमत नसणार. मग खाणं घरट्यात आणून देणारं कोणीतरी होतं. चिमणी पिल्लांना भरवते तसं दोन टनी जनावर पिल्लांना भरवत होतं, ही कल्पना १९७९ च्या जगाला नवी होती. डायनोसॉर म्हणजे मंद, थंड, अंडी घालून चालतं होणारं ध्यान, अशी तोवरची समजूत. ती मोडली.

शास्त्रात मात्र गोड गोष्टीलाही उलटतपासणी चुकत नाही. १९९६ मध्ये गाइस्ट आणि जोन्स यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात आक्षेप घेतला. आजचे पक्षी आणि मगरी यांच्या नवजात पिल्लांची हाडं त्यांनी तपासली. जन्मल्याबरोबर पळणाऱ्या पिल्लांच्याही पायांची टोकं कूर्चेचीच असतात. त्यावरून पिल्लू पांगळं होतं असं ठरवता येत नाही. दातांचंही तसंच. बदकचोच्या डायनोसॉरचे गर्भ अंड्यातच दातावर दात घासत, असं काही जीवाश्मांवरून दिसतं. तेव्हा झिजलेला दात म्हणजे खाल्लेला घास असं समीकरण मांडता येत नाही.

मला स्वतःला हा आक्षेप पटतो, पण त्यानं फार काही कोसळत नाही. डायनोसॉरचे आज हयात असलेले नातलग दोनच, पक्षी आणि मगरी. पक्षी अंडी-पिल्लं जपतात हे सांगायला नको. मगरीची मादीही घरट्यावर पहारा देते आणि पिल्लं जबड्यात धरून पाण्यापर्यंत नेते. दोन्हीकडे जे आहे ते मधल्या डायनोसॉरकडेही थोडंफार असणार, असं म्हणायला मायासोराचं हाड सापडण्याचीही गरज नव्हती. शिवाय पिल्लं दुप्पट होईपर्यंत एकत्र होती, हे तर खळग्यातच दिसतं. घरट्यात घास आणून दिला जायचा की पिल्लं आईच्या पायांत घुटमळत जवळपासच चरायची, एवढाच वाद उरतो. आणि आईच कशावरून? शहामृगाचा नर अंडी उबवतो, एमूच्या नराला तर दुसरा उद्योगच नसतो. पंधरा पिल्लांच्या हाडांवर पालक कोण, हे लिहिलेलं नाही.

बायनमहून परत फिरून आम्ही शोटोच्या पश्चिमेला एग माउंटन पाहायला गेलो. ‘अंड्यांचा डोंगर’ ऐकून मी उगाच दुर्बीण घेतली होती. डोंगर कुठला, गवतातून वर आलेलं एक बुटकं ढेकूळ. आजूबाजूला कुरणं, मागे रॉकीची भिंत. उन्हाळ्यामागून उन्हाळे हॉर्नरच्या तुकडीनं इथे तंबू ठोकले. तंबूही इथल्या मूलनिवासी पद्धतीचे, टिपी, कारण या वाऱ्यात दुसरं काही उभं राहत नाही. आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं. उतरल्याबरोबर भाचीची टोपी उडून कुंपणापार गेली, तेव्हा टिपीचं गणित पटलं.

या ढेकळानं संशोधकांना एक मजेशीर धडा दिला. इथे १९७९ पासून अंड्यांमागून अंडी सापडत गेली. आधी ती ओरोड्रोमिअस नावाच्या छोट्या शाकाहारी डायनोसॉरची मानली गेली. पुढे अंड्यातला गर्भ बारकाईनं साफ केला, तेव्हा तो निघाला ट्रूडॉनचा, म्हणजे ओरोड्रोमिअसला खाणाऱ्याचा. १९९६ मध्ये हॉर्नरनंच सहकाऱ्यासह ती दुरुस्ती छापली. त्याहून गंमत पुढे आहे. २००८ मध्ये बोझमनच्या माँटॅना स्टेट युनिव्हर्सिटीतले डेव्हिड व्हारिकिओ आणि सहकाऱ्यांनी ट्रूडॉनसारख्या डायनोसॉरच्या घरट्यातल्या अंड्यांचं आकारमान आणि पालकाचं शरीर यांचं प्रमाण आजच्या पक्ष्यांशी ताडून पाहिलं. ते जुळलं नर उबवतो अशा पक्ष्यांशी. आईपणासाठी गाजलेल्या या परिसरातल्या सर्वांत प्रसिद्ध अंड्यांवर बहुधा बाप बसत होता!

मायासोरा स्वतः अंड्यांवर बसत नसणार. बसला असता तर ऑम्लेट झालं असतं. खळग्यात पालापाचोळा टाकायचा, तो कुजताना निघणाऱ्या उष्णतेवर अंडी उबायची, असा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियातले मॅलीफाउल पक्षी आजही कुजत्या पाल्याचे ढीग रचून अंडी उबवतात. एका घरट्यात शहामृगाच्या अंड्याएवढी तीस-चाळीस अंडी. आणि खरी खुबी पुढेच आहे. एकाच थरात अशी अनेक घरटी सापडली, दोन घरट्यांत सुमारे सात मीटरचं अंतर सोडून. म्हणजे एका प्रौढ जनावराच्या लांबीपेक्षा थोडं कमीच. शेजारणीच्या अंड्यांवर पाय न देता वळता येईल एवढी जागा ठेवायची, त्याहून दूर जायचं नाही. समुद्रपक्ष्यांच्या वसाहती अशाच असतात. चोच पोचणार नाही एवढं अंतर, बाकी दाटीवाटी. गर्दीत पहारा आपोआप होतो. हजार डोळ्यांपैकी दोन तरी उघडे असतात.

इथूनच कळपाची गोष्ट सुरू होते, आणि माझ्या मते मायासोराच्या गोष्टीतला सर्वांत भक्कम भाग हाच आहे. याच परिसरात तुकडीच्या मुक्कामाजवळ हाडांचा एक थर लागला. खणत जावं तशी हाडं संपेचनात. वेगवेगळ्या ठिकाणी खड्डे घेऊन त्यांनी थराचा पसारा मोजला, तो दोन किलोमीटर लांब आणि सुमारे चारशे मीटर रुंद भरला. सगळी हाडं एकाच जातीची, मायासोराची; पिल्लांपासून पुऱ्या वाढलेल्या जनावरांपर्यंत सगळ्या वयांची. दर चौरस मीटरमागे सापडणाऱ्या हाडांवरून हॉर्नरनं अंदाज बांधला, की इथे किमान दहा हजार जनावरं पडली असावीत. थराच्या वर ज्वालामुखीची राख आहे. त्या काळी दक्षिणेकडे एल्कहॉर्न पर्वतातले ज्वालामुखी जागे होते. राखेनं, विषारी वायूनं कळप मेला आणि नंतरच्या पुरानं, चिखलाच्या लोंढ्यानं हाडं एकत्र लोटली, असा हॉर्नरचा कयास. दहा हजार हा आकडा नमुन्यावरून वाढवत नेलेला आहे, तेव्हा तो मोजणीचा आकडा मानू नये. पण निम्म्यानं कमी केला तरी पाच हजारांचा कळप राहतो. एवढी तोंडं एका जागी राहिली तर आठवड्यात रान बोडकं होईल. कळप सतत फिरत असणार, आणि विणीच्या हंगामात या उंच, कोरड्या माळावर परतत असणार.

ती तोंडं काय खात होती, हे कळायला शेण पाहावं लागतं. कॅरेन चिन या शास्त्रज्ञ बाईंनी दगड झालेल्या शेणावर हयात घालवली आहे. इथल्या शेणखड्यांत त्यांना कुजक्या सूचिपर्णी लाकडाचे तुकडे सापडले. लाकूड बुरशीनं मऊ झालं की पचवायला सोपं, हे मायासोराला कळलेलं दिसतं. त्या शेणात शेणकिड्यांनी पोखरलेली बिळंही निघाली. म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात गोळा लोटत नेणाऱ्या किड्यांचं खानदान साडेसात कोटी वर्षं जुनं. हे वाचून एका मराठी माणसाला चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आठवणं भाग आहे. वरोऱ्याजवळच्या त्या गावच्या शिवारात डायनोसॉरकालीन शेणखडे मिळतात. त्यांच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचं २००५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं, आणि गवत डायनोसॉरांच्या काळात होतं की नव्हतं हा वाद निकालात निघाला. बायनमला पाटी आहे, केंद्र आहे, तिकीट आहे. पिसदुऱ्याच्या वाट्याला एवढा मान कधी येणार कोण जाणे.

मायासोराच्या कुटुंबाचा सर्वांत कठोर हिशेब दक्षिणेला, बोझमनच्या म्युझियम ऑफ द रॉकीजमध्ये आहे. दारात टायरॅनोसॉरस रेक्सचा ब्राँझमधला भव्य सांगाडा उभा, त्यामुळे गर्दी त्याच्यापाशी. पण या संग्रहालयाची खरी दौलत कपाटांतल्या काचपट्ट्यांत आहे. हाडाचा कागदाइतका पातळ काप घेऊन भिंगाखाली धरला, की झाडाच्या खोडात दिसतात तशी वाढीची वलयं दिसतात. वलयं मोजली की वय समजतं. हॉली वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी, त्यात हॉर्नरही आला, मायासोराच्या पन्नास नडग्यांचे असे काप तपासले. सगळ्या हाडांच्या त्याच मोठ्या थरातल्या. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. नामशेष झालेल्या प्राण्याचं एवढं सविस्तर लोकसंख्याशास्त्र त्याआधी क्वचितच कोणी मांडलं असेल.

जन्मलेल्या पिल्लांपैकी जवळजवळ ९० टक्के पहिल्याच वर्षी मरत. ‘चांगल्या आई’ची दहातली नऊ लेकरं वर्षाचं तोंड पाहत नव्हती. जे वाचलं त्याचे दिवस मग बरे. पुढली काही वर्षं वार्षिक मृत्युदर १३ टक्क्यांच्या आत राहायचा. तिसऱ्या वर्षी वयात यायचं, आठव्या वर्षी वाढ पुरी. तोवर वजन सरासरी २३०० किलोंच्या पुढे. आठ वर्षांनंतर पुन्हा घसरण, दरवर्षी सुमारे ४४ टक्के गळायचे. म्हातारा मायासोरा ही दुर्मीळ चीज असणार. हाडांतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावरून वाढीचा वेगही कळतो. ती सरड्या-मगरीसारखी रेंगाळत नव्हती, पक्ष्यासारखी किंवा सस्तन प्राण्यासारखी झपाट्यानं होत होती. लहानपणी ही जनावरं बहुतेक दोन पायांवर पळत आणि अंग जड झालं की चारांवर येत, असंही पायांच्या हाडांच्या आकारावरून दिसतं.

हे आकडे वाचल्यावर घरट्याचं चित्र जरा बदलतं. तीस-चाळीस अंडी घालणारा प्राणी एकेका पिल्लाला जिवापाड जपत नसतो; तो संख्येवर भिस्त ठेवतो. जपणूक होती, पण ती हत्तिणीची नव्हे. वर्ष काढलेलं पिल्लू एकदा कळपाच्या मधोमध आलं, की पुढची सहा-सात वर्षं त्याचं रक्षण आईपेक्षा शेजारीच अधिक करत असणार. म्हणून मला मायासोराच्या मातृत्वापेक्षा त्याचा शेजारधर्म मोठा वाटतो.

आणि सगळेच शाकाहारी डायनोसॉर असे नव्हते, याचा दाखला आपल्या शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात नर्मदेच्या खोऱ्यात टायटॅनोसॉर या लांबमान्या, अवाढव्य डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडली. हर्षा धीमान, गुंटुपल्ली प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिथेही घरटी एकमेकांच्या जवळ आहेत, पण इतकी जवळ, की त्यांच्या मधून एवढं धूड हिंडूच शकत नाही. संशोधक म्हणतात, या मंडळींनी अंडी मातीत पुरली आणि पाठ फिरवली. माँटॅनात अंतर सुटलंय म्हणून पालक तिथे होते असं म्हणायचं. धारला ते सुटलं नाही म्हणून नव्हते असं म्हणायचं. सारा कौटुंबिक इतिहास सात मीटरांच्या फरकावर उभा.

माँटॅनानं १९८५ मध्ये मायासोराला राज्याचा अधिकृत जीवाश्म जाहीर केलं. त्याच वर्षी राज्याचे सुपुत्र लॉरेन ॲक्टन ‘चॅलेंजर’ यानातून अवकाशात गेले ते मायासोराच्या पिल्लाचं एक हाड आणि अंड्याच्या कवचाचा तुकडा घेऊन. बायनमच्या चिखलातून थेट पृथ्वीच्या कक्षेत.

जायचं असेल त्यांनी जून ते ऑगस्टमध्ये जावं. हिवाळ्यात इथे काही उघडं असेल या भरवशावर निघू नये. बायनमच्या केंद्रातर्फे हौशी लोकांना खऱ्या उत्खननावर नेतात, पण आगाऊ नाव नोंदवावं लागतं. शोटोचं ओल्ड ट्रेल म्युझियम लहान असलं तरी चुकवू नये. डोंगराच्या बाजूला पायी भटकणार असाल तर ग्रिझली अस्वलांचा मुलूख आहे हे ध्यानात ठेवा. इथली अस्वलं अजून माळावर उतरतात. शाकाहाऱ्यांनी डबा बरोबर घ्यावा, कारण शोटोच्या खाणावळींत गोमांसाला पर्याय म्हणून बहुधा चीजच पुढे येतं. आणि टोपीला दोरी लावा.